ज्योतीरामचं यकृत

१२ फेब्रुवारी १९७४

आज पुन्हा पॅथॉलॉजीच्या इंद्रायणीबाईंशी वाजलं! चहाच्या टेबलावर, सगळ्यांदेखत. म्हणे, ‘‘तुम्ही वॉर्डातले डॉक्टर अंदाज बांधता. पेशंटबरोबर अंदाजही जळून जातो. शवविच्छेदन केल्याशिवाय चूक कळणार कशी?’’ बाई दिवसभर मेलेल्यांत वावरतात, आणि शिकवतात आम्हाला!

१५ फेब्रुवारी

खाट नंबर नऊ. ज्योतीराम, महाळुंग्याचा, वय अडतीस, भोसरीला एका वर्कशॉपमध्ये लेथ मशीनवर कामाला. महिनाभर बारीक ताप, उजव्या बरगडीखाली दुखतं, नुसता सांगाडा उरलाय. यकृत चार बोटं खाली उतरलेलं, टणक. हात ठेवताच ओरडला. कॅन्सर — दोन मिनिटांत निदान!

सिस्टर सुमनताई हळूच म्हणाली, ‘‘सर, सुई घालून बघायची तयारी करू?’’

‘‘कॅन्सरला टोचून काय निघणार? रक्त!’’

१६ फेब्रुवारी

त्याची बायको तानाबाई आणि धाकटा भाऊ बाळाजी भेटले. स्पष्ट सांगितलं — कॅन्सर, औषध नाही. बाळाजी म्हणाला, ‘‘पुण्याला नेऊ का, डाक्टरसाहेब?’’

‘‘न्या की. हाल वाढतील, एवढंच.’’

तानाबाईच्या तोंडात पदराचा बोळा. मला राउंडला उशीर होत होता.

२१ फेब्रुवारी

नऊ नंबर सकाळी गेला. एकाएकी पोट फुगलं, नाडी लागेना.

इंद्रायणीबाईंना आता दाखवतोच! शवविच्छेदनाची परवानगी मागायला स्वतः गेलो. तानाबाईनं पाय धरले — ‘‘जित्यापणी लई सोसलं त्यांनी. आता कापू नका.’’ मग बाळाजीला बाजूला घेतलं. म्हटलं, ‘‘खरं कळेल. नाहीतर जन्मभर मनात राहील.’’ वहिनीकडे न बघता त्यानं सही केली.

२२ फेब्रुवारी

गळू.

‘‘या, बघा तुमचा कॅन्सर,’’ इंद्रायणीबाई म्हणाल्या. पोटात सगळा चॉकलेटी पू. यकृतात नारळ मावेल एवढी पोकळी. जुन्या आमांशाचं गळू, आतल्या आत फुटलेलं. कॅन्सरचा कणसुद्धा नाही.

‘‘सुईनं पू काढला असता, आमांशावरची एमेटीनची इंजेक्शनं दिली असती, तर महिन्या-दोन महिन्यांत लेथवर उभा राहिला असता.’’ आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं वाटलं असतं! हात धुता धुता म्हणाल्या, ‘‘घरच्यांना तुम्हीच सांगा. निदान तुमचं होतं.’’

बाहेर आलो. बाळाजी बाकावरून उठला. ‘‘काय निघालं, साहेब?’’

तोंड उघडलं — ‘‘आम्ही म्हटलं तेच. कॅन्सर. कुणीच वाचवू शकलं नसतं.’’

त्यानं हात जोडले. ‘‘लई उपकार झालं. पुण्याला न्हेलं न्हाई म्हणून वैनी रातंदिस रडतीया. आता तिचा जीव थंडावंल.’’

एका खोट्यानं दोन माणसं शांत झाली. मला धरून तीन.

२ मार्च

डॉक्टरांच्या बैठकीत इंद्रायणीबाईंनी केस वाचली. माझं नाव घेतलं नाही — सगळे माझ्याकडेच बघत होते! पण प्रत्येकानं वहीत उतरवून घेतलं: सुजलेलं यकृत दिसलं की आधी सुई.

९ मार्च

खाट नंबर चार. कासारवाडीचे सोपानराव. ताप, तेच दुखणं, तसंच यकृत. कॅन्सर शब्द जिभेवर आला होता. सुई घातली — पू! सिरिंज भरली, परत भरली, परत. सुमनताई वाटी धरून उभी होती.

१० एप्रिल

सोपानराव स्वतःच्या पायांनी घरी गेले. वॉर्डभर पेढे वाटले. इंद्रायणीबाईंनीसुद्धा एक घेतला, म्हणाल्या, ‘‘बघा, मेलेला माणूस जिवंताला वाचवतो.’’ आज पहिल्यांदा पटलं. ज्योतीराम फुकट गेला नाही. झोप नीट लागतेय.

१९ जून

तानाबाई आली होती. नवरा किती दिवस ॲडमिट होता त्याचा दाखला वर्कशॉपला हवाय. एकटीच. बाळाजी कुठं, विचारलं.

‘‘गेलं की, वैशाखात. त्यांच्यावानीच दुखायचं, तसाच ताप. म्या म्हणलं, चला दवाखान्यात. तर म्हणालं, कशाला वैनी? दादाला फाडून बघितलंय त्यांनी. ह्याला औषध न्हाई. घरीच पडून राह्यलं. एकवीस दिस.’’