बारा सेंटिमीटर, पण कुठून?

१२ ऑक्टोबर, शनिवार

डॉक्टर म्हणाले, वाकणं बंद करा, नाहीतर मशीन बंद करा. एक्सरे उजेडात धरून बराच वेळ बघत होते. जणू माझा नाही, एखाद्या पडक्या पुलाचा आहे.

मी एक मीटर बहात्तर उंच. आमच्या धातू कापायच्या मिलिंग मशीनचा कटर माझ्या छातीच्याही खाली फिरतो. काम दिसायला मान वाकवा, कंबर वाकवा, गुडघेही वाकवा. छत्तीस वर्षं हेच.

बंद करून करू काय? माझा नवरा त्सुंग-येन गेला त्याला चौदा महिने झाले. जुन्या सायकलींचे जे भाग कुठेच मिळत नाहीत ते लोक माझ्याकडून बनवून नेतात. आणि घरात दिवसभर आवाज असतो तो त्या मशीनचाच.

ठरलं. खाली लोखंडी बेस बनवायचा. चार कोपऱ्यांना लेव्हलिंगचे बोल्ट. मशीन पंधरा सेंटिमीटर वर!

१३ ऑक्टोबर, रविवार

वन्संना सांगितलं. चूक झाली.

वन्सं दोन गल्ल्या सोडून राहतात. लग्न केलं नाही. माझ्यापेक्षा सात वर्षांनी मोठ्या आणि माझ्या खांद्याखाली मावतील एवढ्या. रोज सकाळी येतात, भावाच्या फोटोपुढे उदबत्ती लावतात, माझी रताळ्याची पेज चाखतात, पातळ झाली म्हणतात आणि जातात. आज गेल्या नाहीत. चाळीस वर्षं माझा भाऊ ह्या उंचीवर उभा राहिला, त्याने कधी तक्रार केली का, म्हणाल्या. मी म्हटलं, तो तक्रार कशाचीच करायचा नाही. त्यावर म्हणाल्या,

"मग आता विचार त्याला."

१५ ऑक्टोबर, मंगळवार

विचारलं. म्हणजे खरोखरच विचारलं! देव्हाऱ्यापुढे, कौल लावायचे दोन लाकडी अर्धचंद्र टाकून. एक सपाट एक फुगीर पडला तर होकार, दोन्ही फुगीर वर तर नकार, दोन्ही सपाट वर तर तो हसतोय. होकार सलग तीनदा यायला हवा. जिवंतपणी हा माणूस एका गोष्टीला एकदाही हो म्हणायचा नाही.

पंधरा सेंटिमीटर? हसला.

नीट विचार, म्हणाल्या वन्सं. पंधरा सेंटिमीटर, शेनगांगच्या घरातलं मशीन, तुझी बायको रुई-फेन विचारतेय. पुन्हा हसला.

मग वन्संनी सूत्रं हातात घेतली. शून्य? नकार. (त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला.) दोन? नकार. पाच? हसला. मी वरून खाली येत होते, त्या खालून वर. मंडईत पेरू घ्यावेत तसं. चौदा, तेरा — नाही. बारा — हो. हो. हो!

वन्सं म्हणाल्या, बारा म्हणजे बारा. एक मिलिमीटर जास्त नको.

लोखंड मी कालच पंधराच्या हिशोबाने कापून बसलेय.

१९ ऑक्टोबर, शनिवार

पाय पुन्हा कापले. शेजारचे लो आले, वेल्डिंगचं मशीन घेऊन. त्सुंग-येनचे शाळेपासूनचे मित्र. आधी सगळीकडे टाके मारून घेतले, मग समोरासमोरचे कोपरे आळीपाळीने. तरी थंड झाल्यावर एक पाय चार मिलिमीटर हवेत!

वन्सं स्टुलावर बसून बघत होत्याच. भाऊ रागावलाय, म्हणाल्या. लो म्हणाले, ताई, लोखंड रागावत नाही, तापून निवलं की आखडतं. वन्सं म्हणाल्या, तोही तसाच होता.

२० ऑक्टोबर, रविवार

उलट्या बाजूने गरम करून चौकट सरळ केली. दोन मिलिमीटर राहिले. ते बोल्ट सांभाळतील. हिरवा रंग दिला.

वन्संना रंग आवडला. बोलल्या नाहीत, पण पेजेला आज नावं ठेवली नाहीत.

२६ ऑक्टोबर, शनिवार

आज उचलायचं होतं. लोंनी पंचांग पाहून दिवस काढला. मशीन टनभर वजनाचं आणि डोक्याकडे जड, म्हणून आधी त्याचं डोकं खाली वळवून घेतलं. बिचारं ओरडा खाल्ल्यासारखं दिसत होतं. मग दोन जॅक, दोन पहारी, लाकडी ठोकळे.

हलेना.

लो घाम पुसत म्हणाले, पायाला सिमेंट धरलंय. छिन्नीने कडा फोडायला लागलो. एक सेंटिमीटर खाली — मशीनचा पाय दिसतोच आहे. चार सेंटिमीटर — अजून दिसतोय. मी टॉर्च धरला. लोंनी पट्टी घातली. नऊ.

"वहिनी, हे मशीन जमिनीवर नाहीच. पुरलंय ह्याला."

खड्डा! व्यवस्थित चौकोनी, तळ घोटलेला, कडेने नंतर सिमेंट भरून फरशीच्या रंगाचं केलेलं. मी ह्या घरात आले तेव्हा मशीन आधीपासून होतं. त्याचा पाय आखूड आहे, एवढंच मला वाटायचं. छत्तीस वर्षं आखूड!

पण खड्डा कशाला? त्सुंग-येन माझ्याहून दोनच सेंटिमीटर कमी. तोही वाकूनच उभा राहायचा. मला वाटायचं, त्याची ठेवणच तशी.

वन्संना विचारायला वळले तर स्टूल रिकामं. चहा न पिता गेल्या होत्या.

२७ ऑक्टोबर, रविवार

वन्सं आल्या नाहीत. उदबत्ती मीच लावली.

दुपारी मशीन वर निघालं. बेसचे पाय खड्ड्यापेक्षा रुंद, ते फरशीवरच बसले. पाणसळ ठेवली, बोल्ट पिळले, बुडबुडा मधोमध. दीड तास लागला. मग मशीनपुढे उभी राहिले — आणि कटर माझ्या गळ्यासमोर!

नऊ खड्ड्याचे, बारा बेसचे. एकवीस सेंटिमीटर! नवऱ्याला सगळं विचारलं, बारा कुठून मोजायचे तेवढं राहिलं. लो देव्हाऱ्याकडे बघून हसायला लागले, मग फोटोला हात जोडून माफी मागितली.

एवढ्या उंचीवर काम करायला मलाच पायाखाली काहीतरी हवं. मी! लग्नात जिला पाहुणे विजेचा खांब म्हणाले होते!

पुढच्या शनिवारी बेसचे पाय पुन्हा कापायचे. सहा सेंटिमीटरने, म्हणजे माझे पहिले पंधरा उरतील.

३० ऑक्टोबर, बुधवार

वन्सं चौथ्या दिवशीही नाहीत. पेज घेऊन गेले. त्यांनी दार उघडलं, डबा घेतला, दार लावलं. पातळ आहे असंही म्हणाल्या नाहीत.

काम बंद. घर इतकं शांत की फ्रिज ऐकू येतो.

२ नोव्हेंबर, शनिवार

सकाळी वन्सं आल्या. हातात मशीनवर काम करताना चढवायच्या कोपरापर्यंतच्या कापडी बाह्या, तेलाचे जुने डाग पडलेल्या. मशीनपुढे उभ्या राहिल्या. कटर त्यांच्या डोक्याच्याही वर. म्हणाल्या,

"मशीन आलं तेव्हा तो सैन्यात निघाला होता. मागे चालवणार मीच. माझा हात पुरेना म्हणून जायच्या आधी त्याने खड्डा खणला. आठ वर्षं चालवलं मी. मग तू आलीस. नवी सून, तिला हाताशी काम हवं. मी सायकलच्या कारखान्यात पॅकिंगला लागले. त्याला सांगितलं होतं, आता मशीन वर काढ, खड्डा बुजवून टाक. त्याने नुसत्या कडा बुजवल्या."

त्यांनी बाह्या चढवल्या.

लो कापायचं मशीन घेऊन आले होते. त्यांना म्हटलं, बेस राहू द्या तसाच. लाकडी पाट करून द्या दोन. माझा सहा सेंटिमीटरचा, वन्संचा एकवीसचा.