दोन मजली अद्वैत

प्रिय दिनकर,

तुझ्या प्रज्ञानं तुझ्यावर पंधरा ओळी मागितल्या होत्या. दौंडला रेल्वे कॉलनीतल्या बुद्धविहारात तुझी आदरांजली सभा आहे, तिथं वाटायला ती एक छोटी पुस्तिका काढतेय. "काका, बाबांचे सगळ्यात जुने मित्र तुम्ही. सोमवारपर्यंत द्या," ती म्हणाली. सोमवार येऊन गेला. उभा जन्म पेपरात गेला, मजकूर एकदाही उशिरा दिला नाही, आणि तुझ्या पंधरा ओळींना उशीर झाला!

तीनदा लिहिल्या रे. शाळासोबती, रेल्वेतली नोकरी, वाचनाची आवड, तिखट जीभ. सगळं खरं होतं. पण दर वेळी वाचताना कळायचं, एक गोष्ट मी गाळलीय. ती गाळली तर बाकीचं खोटं होतं. घातली तर कदाचित तुझ्या घरचं दार मला बंद होईल, असं वाटायचं. म्हणून त्या ओळींच्या आधी तुलाच लिहायला बसलो.

शिरूरला खिडकीशी बसलोय. दुपार आहे. भाद्रपदातलं ऊन पाण्यातून गाळून आल्यासारखं पातळ पडलंय. अशा उन्हात माझा डोळा लागतो, आणि डोळा लागला की मी दौंडच्या प्लॅटफॉर्मवर असतो. तू कुठंतरी डब्यांच्या मधे असतोस. दिसत नाहीस, पण आहेस हे माहीत असतं.

गाडीचं इंजिन एका टोकाचं काढून दुसऱ्या टोकाला जोडायचं, हे तुझं काम. मी एसटीनं यायचो आणि तुझी पाळी संपेपर्यंत बाकावर बसायचो. इंजिन जोडलं की गाडी हलायची ती उलट्या तोंडानं, आणि खिडकीत झोपलेली माणसं दचकून उठायची. एकदा एका बाईनं तुला हाक मारली, "ओ भाऊ, गाडी माघारी निघाली का काय?" तू हात पुसत म्हणालास, "न्हाई मावशे, गाडी बरोबर चाललीय. तुम्ही निजा निवांत." आणि माझ्याकडं वळून, "लिहा संपादक! ह्यालाच तुमच्यात माया म्हणत्यात ना?"

मी तेव्हा साधा वार्ताहर होतो. तू मला पहिल्या दिवसापासून संपादक करून टाकलंस.

त्या वर्षी रविवारच्या पुरवणीत माझी अद्वैतावरची लेखमाला चालू होती. आद्य शंकराचार्यांचं तत्त्वज्ञान सोप्या मराठीत. ब्रह्म एकच आहे. आपण वेगवेगळे दिसतो ते अंधुक उजेडात दोरीचा साप दिसावा तसं. घड्यातलं आकाश आणि घड्याबाहेरचं आकाश काही दोन नसतात. ते लिहिताना मला खरंच तरंगल्यासारखं व्हायचं. आपल्या वडगाव रासाईला भीमेवर सकाळचं धुकं उतरलं की अलीकडचा शिरूर तालुका कुठं संपतो आणि पलीकडचा दौंड कुठं सुरू होतो, काही कळत नाही. झाडं, ऊस, काठावरची म्हैस, सगळं एकाच राखाडी श्वासात बुडालेलं. मी लिहिलं, पाण्याला तालुका माहीत नसतो.

तू पेपराची घडी घातलीस आणि म्हणालास, "पाण्याला माहीत नसंल. पाणवठ्याला माहीत व्हतं. माझ्या आज्जीला इचार."

तुझी आजी तेव्हा कधीच गेली होती. आपल्या गावात तुमच्या वस्तीचा पाणवठा खालच्या अंगाला होता, वरच्यांचं धुऊन झालेलं पाणी तिथं यायचं. हे मला माहीत नव्हतं का? होतं. पण लेखात ते बसत नव्हतं.

मग मी काशीची ती गोष्ट लिहिली. आचार्य गंगेवरून स्नान करून येत असतात, अरुंद गल्लीत समोरून एक चांडाळ येतो. आचार्य म्हणतात, बाजूला हो. तो विचारतो, बाजूला कुणाला करू? या देहाला, की आतल्या चैतन्याला? देह तर दोघांचे अन्नाचेच, आणि चैतन्य म्हणाल तर ते एकच आहे असं तुम्हीच शिकवता. आचार्य तिथंच हात जोडतात. पुढं परंपरा सांगते की तो चांडाळ म्हणजे प्रत्यक्ष विश्वनाथच होता.

त्या लेखाला वाचकांची खूप पत्रं आली. तू मात्र चहाचा ग्लास खाली ठेवलास. "शेवटाला देव का काढलास?"

"मी नाही काढला. गोष्टच तशी आहे. आणि हात आधी जोडले, देव नंतर दिसला."

"मग हात जोडल्यावर थांबायचं व्हतं की! माणूस माणूसच ऱ्हायला असता तर काय बिघडलं असतं?"

मी पारमार्थिक आणि व्यावहारिक पातळी समजावू लागलो. अंतिम सत्य वेगळं, रोजचा व्यवहार वेगळा, वगैरे. तू शांतपणे ऐकून घेतलंस. "म्हंजी दोन मजली हाय तुमचं अद्वैत. वरच्या मजल्यावर समदे एक. खालच्या मजल्यावर ज्यानं त्यानं आपापल्या जागी. बरं, मग जिना कुठाय?"

मला हसू आलं. वाक्य चांगलंय, लेखात वापरू का, असंही विचारलं मी. "वापर की. पर माझं नाव नको घालू, नायतर आमचा साहेब म्हणंल, ड्यूटीवर तत्त्वज्ञान करतो." किती हसलो होतो आपण!

आणि त्याच वर्षी पावसाळ्यात आई गेली.

शेवटचे दिवस ती दौंडच्या दवाखान्यात होती. लहानपणी तुला अंगणात बसवून वरून पाणी ओतणारी माझी आई, तुझ्या घरून शोभावहिनी धाडायच्या त्या डब्याची वाट बघायची. "दिनकरा, शोभाला म्हणावं, भाकरी मऊ झाली व्हती." तू म्हणायचास, "काकू, भाकरी मीच थापली." ती तोंडाला पदर लावून हसायची. तिला जिना सापडला होता, दिनकर. कुठलाही लेख न वाचता, उशिरा का होईना, सापडला होता.

दहाव्याला तू पहाटेच वडगावला आलास. तुमच्यात पिंडदान नाही, कावळा नाही, तुझा त्यावर विश्वासही नव्हता. "काकूंसाठी आलोय, कावळ्यासाठी न्हाई," म्हणालास. मी सकाळपासून उपाशी, घाटावर ऊन वाढत चाललेलं. पिंड ठेवून आम्ही सगळे मागं सरून बसलो आणि कावळा शिवायची वाट बघू लागलो. तू माझ्या शेजारी, माझा दंड धरून.

कावळा येईना. बाभळीवर चार बसले होते, एकही खाली उतरेना. अर्धा तास गेला. कुणी म्हणालं, म्हातारीची काही इच्छा राहिली असेल. मी हात जोडून म्हणालो, आई, बहिणींना अंतर देणार नाही. तरी नाही. तेव्हा माझे चुलते, आप्पा, कानाशी आले. "वसंता, तुझा त्यो दोस्त जरा लांब बसला तर बघ. वहिनीचा जीव अडकलाय."

आप्पांनी जातीचं नाव घेतलं नाही. घ्यायची गरजच नव्हती.

मी काय म्हणू शकलो असतो? हज्जार गोष्टी! मी तुझ्याकडं वळून म्हणालो, "दिनकर, जरा बाजूला होतोस का?"

तेच शब्द, जे मी स्वतःच्या हातानं लेखात लिहिले होते. तू उलटा प्रश्न विचारला नाहीस. माझ्या दंडावरचा हात काढलास, पँटवरची माती झटकलीस आणि पार त्या टोकाच्या लिंबाखाली जाऊन उभा राहिलास. घाटावर तीस माणसं होती. त्यातलं एकच हललं.

आणि कावळा आला.

लोकांनी हात जोडले. मागून कुणीतरी म्हणालं, "पाह्यलं का?" मी मान वर केली तेव्हा लिंबाखाली कुणी नव्हतं. जेवायला तू नव्हतास. ड्यूटी आहे, असा निरोप ठेवून गेला होतास.

पुढच्याच आठवड्यात दौंडला भेटलास, नेहमीसारखा. "काय संपादक, च्या घेणार का उपास हाय?" त्यानंतर इतकी वर्षं आपण भेटत राहिलो, वाद घातले, पोरांची लग्नं केली. त्या दिवसाबद्दल तू एक अक्षर बोलला नाहीस. का रे? एक शिवी तरी द्यायचीस! तू विसरलास असं मी स्वतःला सांगत राहिलो. पण तू काही विसरणारा नव्हतास. मी कधी बोलतो याचीच तू वाट बघत होतास का?

मला एक स्वप्न पडतं. तोच घाट, तीच माणसं. आप्पा कानाशी येतात आणि मी तुला म्हणतो, बस. तू बसतोस. कावळा येतच नाही. ऊन कलतं, पाण्यात आपल्या सगळ्यांच्या सावल्या लांबत जातात आणि एकमेकींत मिसळतात, कुणाची कुठली ते ओळखू येत नाही. पलीकडच्या काठावर आई बसलेली असते, पाय पाण्यात सोडून. तिला काही घाई नसते. कुणालाच नसते. आचार्य म्हणतात, स्वप्न जागेपणी खोटं ठरतं आणि जागेपण ज्ञान झाल्यावर. मला इतकं पुढचं कळत नाही. मला एवढंच दिसतं की माझं स्वप्न माझ्या जागेपणापेक्षा चांगलं आहे, आणि ते तुझ्या काही उपयोगाचं नाही.

कारण जागेपणी ती गोष्ट वडगावात अजून चालू आहे. दर पितृपंधरवड्यात आईच्या तिथीला भावकी जेवायला असते, आणि आप्पा ती सांगतात. गेल्या वर्षी नव्या सुनेला सांगितली. "त्यो बाजूला झाला आन् लगीच कावळा शिवला." मी ताटातली खीर ढवळत बसलो. अद्वैतावर वर्षभर लिहिलेला माणूस!

काल मी वरवंडला प्रज्ञाच्या शाळेत गेलो. मधली सुट्टी होती. व्हरांड्यात उभं राहून तिला सगळं सांगितलं, काही न गाळता. पोरं आरडाओरडा करत होती, ती मात्र अगदी तुझ्यासारखी शांतपणे ऐकत होती.

"काका, माफी मागायला आलात?"

"हो."

"मग चुकीच्या गावाला आलात."

मला आधी अर्थ लागला नाही. ती म्हणाली, "बाबा गेले. मी तिथं नव्हते. त्या दिवशी तीस माणसं घरी गेली ती असं समजून, की बाबा होते म्हणून कावळा येत नव्हता. आता त्यांच्या सुना-पोरं तेच ऐकताहेत. त्यांना कोण सांगणार?"

"मी सांगायला हवं."

"छपाई मी पंधरा दिवस थांबवते. आधी तिकडं जाऊन या, मग बाबांवर लिहा." घंटा झाली. वर्गात जाताना ती वळून म्हणाली, "राग आलाय मला, काका. खूप आलाय. पण चहा न घेता जाऊ नका, शिपाईमामांना सांगितलंय."

तुझी मुलगी आहे, दुसरं काय!

तर ऐक. परवा रविवारी आईची तिथी आहे. मी वडगावला जाणार आहे. पान वाढायच्या आधी, सगळे बसलेले असताना, आप्पांना सांगणार आहे की दिनकरला मी उठवलं, तो अपमान होता, तो मी केला, आणि कावळ्याचा त्याच्याशी काही संबंध नव्हता. आई ज्या घरच्या भाकरीची वाट बघायची त्या घरचा माणूस होता तो, हेही सांगेन. जेवण कडू झालं तर होऊ दे.

आप्पा आता नव्वदीकडं झुकलेत, कानांनी अधू झालेत. हळू बोलून भागायचं नाही, ओरडावंच लागेल. ते "आँ? काय म्हणतोस?" करतील. स्वयंपाकघरातल्या बायका हातातलं काम टाकून दारात येतील, शेजारच्या घरातही ऐकू जाईल. जितक्या वेळा ते विचारतील, तितक्या वेळा मी पहिल्यापासून सांगेन.

तुझा,
वसंत