वांग आणि टाळ्या

चिपळूण, ४ मे २०२५
चि. संपदा हिस अ. आ.
दोन महिने तू व्हिडिओ कॉल घेत नाहीस. घेतलास तर कॅमेरा पंख्याकडे. जावई निकेतराव म्हणाले, तुझ्या चेहऱ्याची आग होते. कसली आग? बाळ झालं म्हणून मावशीला नुसता पंखाच दाखवायचा का? बोलवत नसेल तर लिही. मी थकलेय, पण वाचता येतं अजून.
वाट पाहणारी,
अनसूयामावशी

मीरा रोड, १२ मे
ती. मावशीस सा. न.
लिहितेय, कारण कागदाला चेहरा दिसत नाही. बाळंतपणानंतर गालांवर वांगाचे डाग आले, ते तू संक्रांतीला पाहिलेस. आमच्या सोसायटीच्या हळदीकुंकवात तू भाषणात म्हणालीस, “डाग पुसायला निघालेली बाई आधी स्वतःला पुसते.” सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही. दुसऱ्या दिवशी मला त्वचेच्या डॉक्टरांची वेळ मिळाली होती. ती रद्द केली. तुझीच भाची डाग पुसायला गेली, असं कोणी म्हणायला नको.
पण काशीमीऱ्याच्या ऑफिसात रोज कोणीतरी विचारायचं, चेहऱ्याला काय झालं? शेजारच्या पिंकीने तिची गोरं होण्याच्या क्रीमची ट्यूब दिली. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मिळते म्हणाली. पंधरा दिवसांत गाल उजळले. आता एक दिवस लावली नाही तरी चेहरा लाल होतो, पुरळ येतं, गॅससमोर उभं राहवत नाही. म्हणून परत लावते. कंटाळलेय गं.
रागावलीस तरी माझीच राहा.
संपदा

चिपळूण, २० मे
चि. संपदा हिस अ. आ.
पत्र तीनदा वाचलं. चाळीस वर्षं मी गोरेपणाच्या वेडाविरुद्ध बोलले. त्यातला एक शब्दही मागे घेणार नाही. काळं असणं हा रोग नाही. पण वांग म्हणजे काही जन्माचा रंग नव्हे, त्वचेचं दुखणं आहे, एवढं मला कळायला हवं होतं. साखर वाढलेल्या बाईला मी ‘आहेस तशी राहा’ म्हटलं असतं का? टाळ्या मला मिळाल्या, आग तुझ्या वाट्याला.
इथल्या डॉक्टरीणबाईंना विचारून आले. त्या ट्यूबमध्ये बहुधा स्टिरॉइड असेल, त्याने त्वचा पातळ होते, म्हणाल्या. ट्यूब घेऊनच डॉक्टरांकडे जायचं. मनाने काही लावायचं नाही, लिंबू-बेसनसुद्धा नाही. वेळ घे. मी शनिवारी येतेय. सोबत बसेन आणि तोंड उघडणार नाही.
तुझी चुकलेली,
मावशी

मीरा रोड, २ ऑगस्ट
ती. मावशीस सा. न.
दवाखान्यात तू खरंच गप्प बसलीस, हे निकेत अजून सगळ्यांना सांगतोय. ट्यूब सुटली. पहिले तीन आठवडे फार वाईट गेले, आरसा झाकून ठेवला होता. आता लाली उतरतेय. डाग आहेत तिथेच. डॉक्टर म्हणतात, महिने लागतील, पूर्ण जातीलच असं नाही. रोज सनस्क्रीन लावते, रिक्षातही छत्री उघडते, लोक हसतात. पिंकीलाही डॉक्टरांकडे नेऊन आणलं.
पुढच्या रविवारी अकरा वाजता मीच कॉल करते. कॅमेरा पंख्याकडे नसेल. काही बोलू नकोस, नुसतं बघ.
तुझी,
संपदा