कावळ्याला दिलेला शब्द

अहो,

नाव घेऊन हाक मारायची सवय नाही, म्हणून नुसतंच अहो. लिहायला बसले कारण हाताला काहीतरी काम हवंय. तुमचे दोस्त, बाळूभावजी आणि सलीमभाई, तुमच्या त्या घळीत उतरलेत, वाट नीट आहे का बघायला. "हे गेलो अन् हे आलो, वहिनी," म्हणून गेले, ते चहा पातेल्यात गार झाला तरी पत्ता नाही. फोनला रेंज नाही. पठारावर तंबूच्या तोंडाशी मी एकटी, आणि वर सौताड्याच्या अंगाला आभाळ काळं होत चाललंय.

वर पाऊस झाला की खाली थेंब न पडताही घळीत लोंढा येतो, हे तुम्हीच सांगायचात ना? तेही घरी येऊन, हसत हसत!

हे सगळं तुमच्या त्या कावळ्यामुळं. तुमच्या दहाव्याला गेवराईच्या पुढं गोदागंगेकाठी पिंड ठेवला आणि कावळा शिवेना. बाभळीवर बसून नुसता बघत होता. तुमचा भाऊ म्हणाला, दादा, पोरीच्या शिक्षणाचं मी बघतो. ढिम्म. मी म्हणाले, फोटो स्टुडिओ बंद पडू देणार नाही. तरी ढिम्म. ऊन चढलं, गुरुजी घड्याळ बघायला लागले. तेव्हा बाळूभावजी ओरडले, "दत्त्या, लई झालं बे! वहिनीला घळीत नेतो, तुजं ते आमरीचं फूल दावतो, तिच्या हातानं फोटू काढवतो! आता तरी ये!"

आणि लगेच झडप!

मला विचारलं होतं का कुणी? गच्चीच्या कठड्याजवळ न जाणारी बाई मी, वाळवणंसुद्धा मधोमध घालते! पण चारचौघांत शब्द गेला. तेव्हापासून सासूबाईंचा धोशा, "शब्द मोडला तर त्यो लटकून ऱ्हाईल. जा बाई."

तुमच्यावर रागही आहे. तालुक्यातल्या प्रत्येक नवरीला "हनुवटी जरा वर" म्हणत फिरलात, आणि श्रावण आला की मित्रांबरोबर तंबू घेऊन पसार. आमरीची, त्या रानातल्या ऑर्किडची, फुलं चार दिवस टिकतात, म्हणून आमच्यापेक्षा तिची घाई. मला एकदा तरी "चल" म्हणालात? मी नाहीच म्हणाले असते, हे खरं. पण विचारायचं तरी! माणसाला नाही म्हणायला तरी मिळावं. जिवंतपणी तोंड उघडलं नाही, आणि गेल्यावर असा निरोप?

थेंब पडला का? नाही, माझाच घाम.

आत्ता कड्यापर्यंत पोटावर सरपटत जाऊन हाका मारल्या. खालून माझाच आवाज परत आला. सलीमभाईंच्या घरी तान्हं मूल आहे हो! काही झालं तर त्यांच्या बायकोला काय तोंड दाखवू? लिंबागणेशच्या गणपतीला नारळ बोललेय.

आवाज आला! आलेत वाटतं. पुढचं मग.

*

परत वर आलेय. धडधाकट आहे.

"कावून इतक्या हाका मारीत व्हत्या, वहिनी? वाटंत झाड आडवं पडलं व्हतं, ते सारीत बसलो," म्हणाले बाळूभावजी. मी आधी रडले, मग दोघांना झापलं, मग चहा गरम केला. सलीमभाई हळूच म्हणाले, "भाभी, फूल हाय. पर पानी यायच्या आत जावं लागंल. न्हाई म्हनलं तरी चालंल. आमी फोटू काढून आनतो, कुनाला सांगनार न्हाई."

म्हणजे सुटका होती. तरी उठले. का, ते मलाही सांगता येणार नाही.

कमरेला दोर, एक जण पुढं, एक मागं. पोरीची पँट घातली होती, हसू नका. बसून बसून, देवाचं नाव घेत उतरले. खाली घोट्याएवढं पाणी होतं, आणि जरा आवाज झाला की लोंढाच आला असं वाटायचं.

कपारीत हातभर दांडी आणि तिच्यावर पांढरी फुलं, प्रत्येकाच्या मागं शेपटीसारखी बारीक नळी. एवढंसं! ह्याच्यासाठी जीव टाकत होतात? मग खाली वाकले, आणि बघतच राहिले. तुम्ही कुठं गुडघे टेकत असाल, तेही कळलं. सलीमभाईंनी तुमचा कॅमेरा हातात दिला.

"श्वास धरा आन् दाबा, भाभी."

श्वास धरला. तेव्हा एकदम मनात आलं, हा फोटो निघाला की शब्द पुरा झाला. मग तुम्ही मोकळे. मग तुम्ही गेलातच की! इतके दिवस मला वाटत होतं, मी दरीला घाबरतेय. मी ह्या एका बटणाला घाबरत होते हो.

मी हात हलवला. मुद्दाम हलवला. फोटोत नुसता पांढरा धूर आहे.

"अजून एक काढा," बाळूभावजी म्हणाले. मी म्हणाले, "नको, पाणी येईल, चला वर." दोघांनी एकमेकांकडं बघितलं आणि दोर आवळला.

सासूबाई म्हणतात तसे खरंच अडकून राहाल का तुम्ही? तुम्हाला त्रास होईल का? मला माहीत नाही. भीती वाटतेय. पण आत्ताच सोडायला जमलं नाही मला.

पुढच्या श्रावणात येईन. हात हलू न देता तुमच्या आमरीचा फोटो काढीन, शब्द देते. तोवर थांबा. रागावलात तरी चालेल, पण थांबा.

तुमचीच,
सुमन