चिखलफेक नाही, फक्त माहिती

१५ सप्टेंबर
काउंटी बोर्डाच्या निवडणुकीला उभा राहिलोय. विरोधात डोरीन, समोरच्या घरातली. बारा वर्षं त्या खुर्चीला चिकटून आहे. ग्लेंडाची, म्हणजे माझ्या बायकोची, जिवलग मैत्रीण. म्हणून आधीच ठरवलंय: चिखलफेक नाही, फक्त मुद्दे. मुद्दा असा, की बर्फ काढणारी गाडी आमच्या रस्त्यावर सगळ्यांत शेवटी का येते? डोरीनच्या दारातही शेवटीच येते, पण तो मुद्दा वेगळा.

२ ऑक्टोबर
दारोदार फिरलो. कोपऱ्यावरचा वर्न म्हणाला, लाव बाबा तुझी प्रचाराची पाटी माझ्या अंगणात, पण आता नीघ, सूप गार होतंय. एक मत पक्कं. वळून पाहतो तर शेजारीच डोरीनचीही पाटी. वर्न दुतोंडी आहे. गावच दुतोंडी आहे.

११ ऑक्टोबर
पत्रक छापायला दिलं. पुढे मी, हसरा. मागे डोरीन, काळीपांढरी: तोंडात मक्याचं कणीस, हनुवटीवर लोणी. खाली, 'तुमचा कर कोण खातंय?'
ही चिखलफेक झाली का? प्रामाणिकपणे विचार केला. फोटो खरा. कणीस खरं. मग चिखल कुठे? चार जुलैला, स्वातंत्र्यदिनाच्या जेवणाला, आमच्याच अंगणात ग्लेंडानं काढलेला फोटो. तिला विचारलं नाही. नवराबायकोत काय विचारायचं!

१८ ऑक्टोबर
पत्रक घरोघर पोचलं. ग्लेंडा म्हणाली, ते कणीस तूच तिच्या हातात कोंबलं होतंस, घे गं घे गं करून. त्यानंतर बोलणं बंद. दडपण आलं असावं. उमेदवाराच्या बायकोला येतंच.

३ नोव्हेंबर, सकाळ
मत दिलं. गॅरेजमध्ये विजयसभेची तयारी. चर्चमधून खुर्च्या आणल्या. पडलेल्यानं जिंकलेल्याला फोन करायची रीत आहे. डोरीन करील तेव्हा मोठ्या मनानं बोलायचं. वाक्यं पाठ केली.

निकालानंतर
डोरीनला माझ्या दुप्पट मतं. पडलो. सभेला वर्न एकटाच, तोही सॉसेजसाठी. ग्लेंडा 'आलेच' म्हणून गेली ती गेलीच. वर्न म्हणाला, कर फोन, रीत आहे, आणि मोहरीची चटणी संपलीय.
डोरीनच्या घरी फोन लावला. पाठ केलेली वाक्यं उलटी करून म्हणू लागलो. पलीकडे ग्लेंडा होती. म्हणाली, डोरीन केक कापतेय, सांगते तिला. इथं लोक उभे आहेत, येताना त्या खुर्च्या घेऊन ये.
नेल्या. डोरीननं केक पुढे केला. घे रे, घे. नाही म्हणणं खिलाडूपणाचं दिसलं नसतं. घास तोंडात गेला आणि ग्लेंडानं फोटो काढला.