हौदातलं पाणी

अहो,

हे पत्र टपालात पडणार नाही, तरी लिहिते.

निवृत्त झालात की आपण गरम पाण्याच्या झऱ्यांवर जाऊ, असं ठरलं होतं. दर वर्षी त्या सहलीसाठी साठवलेल्या पैशांतून एक नवा रंगीत कोइ मासा आला. मी हसून म्हणायचे, "आणखी एक सवत!"

त्या बर्फाच्या दिवशी तुम्ही टोकियोला माशांच्या प्रदर्शनात होतात. वीज गेली, हौदाचा पंप थांबला, मासे वर येऊन तोंडं उघडू लागले. तुम्ही येईपर्यंत मी हातांनी पाणी घुसळत राहिले. बोटं निळी पडली. तुम्ही आलात ते थेट हौदाकडे धावलात. "वाचली गं माझी पोरं!" म्हणालात. माझ्याकडे पाहिलंही नाहीत.

दुसऱ्या दिवशी मी नागाओकाला किनुएताईकडे निघून आले.

काल तुमचा फोन आला. "मिनेको, खरं सांग," आवाज इतका हळवा होता की मी श्वास रोखून धरला. "त्या दिवशी साबणाचे हात तर नव्हते ना घातलेस पाण्यात? ती पांढरी मासोळी मलूल दिसतेय."

"नाही हो."

"बरं झालं," म्हणालात आणि फोन ठेवलात.

ताईने स्वयंपाकघरातून विचारलं, "काय म्हणाले? न्यायला येतायत ना?"

"हो," मी म्हटलं, "रस्ते मोकळे झाले की."

तुमची,
मिनेको