हिरवी काच

१८ नोव्हेंबर, मंगळवार

आज हुणसगेरीला पोचलो. खटकचिंचोळीच्या पुढे फाट्यावर उतरलो आणि जीपने आलो. जागा आवडली. रेल्वेने मार्ग बदलला तेव्हा हे स्टेशन सोडून दिलं, पण फलाट, एक बाकडं, बत्तीखोली आणि थोडे रूळ अजून जागेवर आहेत. रुळांमध्ये तूर उगवली आहे, तिला पिवळी फुलं आली आहेत. इतकं मोकळं बऱ्याच महिन्यांत वाटलं नव्हतं. दुपारी भूकसुद्धा लागली.

मी बोलत नाही म्हणून माझ्या लेकीने, दीपमालाने, ही वही दिली. बोलायचं नसेल तर लिहा बाबा, म्हणाली. लिहितो.

काम साधं आहे. हैदराबादच्या एका गृहस्थाने इथल्या जुन्या हातबत्त्या संग्रहासाठी घेतल्या. त्या पोत्यांत भरून पडल्या आहेत. प्रत्येक बत्ती पेटली पाहिजे आणि तिची लाल-हिरवी काच फिरली पाहिजे. मी सिग्नल खात्यात फिटर होतो, त्यामुळे हे मला जमतं. बत्तीखोलीतच झोपायची सोय आहे. खोलीला दार एकच, फलाटावर उघडणारं. खिडकीही त्याच बाजूला. मागची भिंत बंद.

३० तारखेला, रविवारी, माझ्या बायकोला, विशाखाला, जाऊन वर्ष होतं. भालकीला घरी पुण्यानुमोदन आहे. त्याआधी परतायचं.

शेजारच्या क्वार्टरमध्ये सिद्धम्मा राहते. इथला शेवटचा बत्तीवाला तिप्पण्णा, त्याची ही विधवा. माझं नाव रत्नपाल सांगितल्यावर तिने मला नीट पाहिलं. म्हणाली, "जय भीमवाले व्हय तुमी? आमी बसवण्णाचे शरण. भूत तुमी बी मानत न्हाई, आमी बी मानत न्हाई. बरं झालं, दोघांलाबी झोप लागंल." मला हसू आलं.

२० नोव्हेंबर, गुरुवार

काम चांगलं चाललं आहे. आधी राख आणि चिंचेने पत्रा घासतो. मग रॉकेलची टाकी पाण्यात बुडवून फुंकतो. बुडबुडे आले तिथे कथिलाचा डाग देतो. मग नवी वात, भिंगाची काजळी आणि शेवटी फिरकी. बत्तीचं धुराडं फिरवलं की आतली फिरकी फिरते आणि भिंगामागे पांढऱ्या उजेडाऐवजी लाल किंवा हिरवी काच येते. बहुतेक फिरक्या गंजाने धरल्या आहेत. तेल सोडून ठेवायचं आणि वाट बघायची. जोर केला की काच जाते.

सिद्धम्मा भाकरी आणि पुंडीची भाजी घेऊन आली आणि बघत उभी राहिली. मी एक बत्ती लालवर पाहिली आणि विझवायला गेलो, तर तिने हात धरला. लाल दाखवली की विझवायच्या आधी हिरवी दाखवायची, तिप्पण्णाची ही रीत होती, म्हणाली. ज्याला थांबवलं त्याला सोडल्याशिवाय बत्तीवाल्याने झोपू नये. रीत चांगली वाटली. तेव्हापासून पाळतो.

२२ नोव्हेंबर, शनिवार

सिद्धम्माचा मुलगा बसवंतप्पा हळ्ळीखेडहून आला होता. जुन्या सिग्नलच्या खांबापाशी ज्वारीचं पोतं ठेवून, तिथूनच हाक मारून गेला. आत आला नाही. तीही खांबापर्यंत गेली आणि थांबली. भांडण असावं. लेकाकडे का जात नाही, असं मी विचारलं. म्हणाली, "आता कुठं जाऊ अण्णा? घरी माणूस हाय." तिच्या घरी मला कोणी दिसलं नाही.

२३ नोव्हेंबर, रविवार

शेवटच्या पोत्याच्या तळाशी एक बत्ती निघाली. बाकीच्या गंजलेल्या, ही कोणी रोज पुसत असल्यासारखी. फिरकी लालवर घट्ट. हिरव्या काचेची चौकट रिकामी होती. काच फुटलेली नव्हती, पत्र्याची कड उलगडून कोणीतरी काढून घेतली होती.

वात तरी बघू म्हणून पेटवली. धूर झाला, खिडकी उघडली. लाल उजेड रुळांवर पडला. सिद्धम्मा अंगणात तूर पाखडत होती. तिने मान वर करून पाहिलं आणि सूप खाली ठेवलं.

मी बत्ती विझवली. हिरवी दाखवायला काचच नव्हती.

ती दाराशी आली. "इझवलास? हिरवी न दाखवता?" मी व्हय म्हणालो. ती परत गेली.

२४ नोव्हेंबर, सोमवार

रॉकेल आणायला निघालो. खांबापाशी पाय थांबले. दुखले नाहीत, भीतीही वाटली नाही. सिग्नलला गाडी उभी राहते तसा उभा राहिलो. शेतातून वळसा घालून पाहिलं. बांधावर तेच. ओढ्यातून पाहिलं. पाण्यात पाय ठेवताच तेच.

दिवसभर हेच केलं. विचार नीट करायला हवा. झोप कमी आहे, एवढंच असेल.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

भर दुपारी ती बत्ती पेटलेली आहे. टाकी मी रिकामी केली होती. वात काढली होती. वर पोतं टाकलं तर पोत्यातून लाल येतं. पालथी घातली तर भिंतीतून. फलाटावर, रुळांवर, सगळीकडे पोचतं.

तुरीत एक बाई पाठमोरी उभी आहे. हिरवं लुगडं, डाव्या बाजूला खोचलेला पदर. चालता चालता थांबलेल्या माणसासारखा एक पाय पुढे.

विशाखा असा पदर खोचायची.

आमच्यात आत्मा मानत नाहीत. मीही मानला नाही. मग ही कोण?

हाक मारली. खोटं कशाला लिहू, आनंद झाला.

२६ नोव्हेंबर, बुधवार

सिद्धम्माने सगळं सांगितलं. तिप्पण्णा वारला त्या दिवशी तो रुळांवरून जाताना तिला दिसला. तिने त्याचीच बत्ती घेतली आणि लाल दाखवली. तो थांबला. पुढे आपलं मन कच खाईल आणि आपणच त्याला सोडू म्हणून हिरवी काच तिनेच काढून ठेवली. लाल बघणारं कोणीही मग इथून हलत नाही. बसवंतप्पाने बघितली नव्हती. तो सुटला.

मी विचारलं, ती बत्ती पोत्यात कामून ठेवलीस?

"एकलीनं किती दिस बघू?" म्हणाली.

मग म्हणाली, थांबवलेलं माणूस थांबतं, पण हळूहळू वळतं. तिप्पण्णा आता पुरता वळला आहे. तिच्या दाराकडे तोंड करून बाकड्यावर असतो. ती त्याचं तोंड बघत नाही. काच मागितली. दिली नाही. "आता हिरवी दाखवली तर त्यो कुठं जाईल? जिकडं तोंड हाय तिकडंच की, अण्णा."

२७ नोव्हेंबर, गुरुवार

विशाखाचा खांदा दिसतो. काल दिसत नव्हता.

फोन लागतो. दीपमालाला सांगितलं, मला कार्याला येता येणार नाही, तूही इकडे येऊ नको. तिने कामून म्हणून विचारलं. काय सांगू? मला बरं नाही असं तिने धरलं. शनिवारी जीप घेऊन न्यायला येते म्हणाली. "तुमचं काय बी ऐकणार न्हाई बाबा. आईच्या कार्याला तुमी नसलाव तर मी कुणाकडं बघू?"

शेवटच्या वळणावरूनच लाल दिसतं. तिने पाहिलं की संपलं.

सिद्धम्माच्या दारात बसून राहिलो. काच मागितली. तिने दार लावलं.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

गाल दिसतो. तिचाच. पण त्याच्यावर लाल उजेड पडत नाही. तुरीवर पडतो, तिच्यावर नाही.

आता हाक मारत नाही. पुरती वळायच्या आत हिरवी दाखवली तर ती तिच्या वाटेने जाईल. उद्या उशीर—

दीपमाला फोन उचलत नाही.

दारापलीकडून सिद्धम्माला एवढंच सांगितलं, माझी लेक येते आहे. ती बाहेरची आहे. तिने काही केलेलं नाही.

२९ नोव्हेंबर, शनिवार

उंबऱ्यावर हिरवी काच. खणाच्या तुकड्यात गुंडाळलेली. सिद्धम्मा म्हणाली, लेकीला नगं हे. हिरवी दाखवली की तिप्पण्णा तिच्या घरात येणार हे तिला माहीत आहे. अंगण झाडून, दार सताड उघडं टाकून, विभूती लावून बसली आहे.

काच बसवली. फिरकी हलत नाही. तेल सोडलं. जोर करायचा नाही. काच एकच आहे.

वर बघत नाही.

दुपार

फिरकी थोडी सुटली.

बघितलं. पुरती वळली आहे. तोंड इकडे.

उशीर झाला. दाखवली नाही तर दीपमाला इथेच राहील, माझ्यासारखी. दाखवली तर विशाखा इकडे निघेल. दार एकच आहे.

जीपचा आवाज. फाट्यावरून वळली असावी—

फिरवली. हिरवा उजेड रुळांवर, खांबापर्यंत. जीप थांबली नाही, येते आहे. पाय मोकळे झाले, पण दारात—

सिद्धम्मा मोठ्याने म्हणाली, आलाव का

दीपमाला, तिथूनच जीप फिरव, आत